कोल्हापूरचे रस्ते किती जोडलेले? ‘ओएसएमएनएक्स’चं परीक्षण

ओएसएमएनएक्स हे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतलं मुक्त साधन आहे आणि ते फुकट मिळतं. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मुक्त नकाशावरचे रस्ते ते उतरवून घेतं, त्यांचं जाळं बांधतं आणि चौक किती, तिकट्या किती, बंद टोकं किती हे मोजून देतं. जेफ बोइंग या नगररचनेच्या प्राध्यापकाने ते तयार केलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०१७ सालचा आहे, म्हणजे साधन चांगलं मुरलेलं आहे. आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या विद्यार्थ्यांना, लेआऊट तपासणाऱ्या अभियंत्यांना आणि प्रभागातल्या जागरूक नागरिकांना ते उपयोगी पडेल. आमचं मत आधीच सांगतो: साधन उत्तम आहे. मात्र कोल्हापूरच्या कडेच्या वसाहतींवर ते जसंच्या तसं चालवलं तर मिळणाऱ्या आकड्यावर विसंबू नये. आधी काय दुरुस्त करायचं आणि कोणता आकडा बघायचा, हे पुढे दिलं आहे.

कोल्हापूरला या मोजणीची गरज आत्ता आहे. महापालिका १९७२ ची, क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. हद्दवाढीचा वाद वर्षानुवर्षं चालू राहिला आणि २०१७ मध्ये हद्दवाढीला पर्याय म्हणून भोवतालच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आलं. शहराच्या पश्चिमेला आणि उत्तरेला पंचगंगा आहे, त्यामुळे वाढ सरकली ती दक्षिणेला आणि पूर्वेला: कळंबा, पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी, उजळाईवाडी, उचगाव. तिथे रस्त्यांचा आराखडा कुणी एकाने काढलेला नाही, तो गट नंबरनुसार पडत गेलाय. ज्याचा गट त्याचा लेआऊट, आणि शेजारच्या बांधाला रस्ता संपला. पुढचा गट पाच वर्षांनी बिगरशेती होतो, त्याचा रस्ता दहा मीटर सरकून येतो, मध्ये कंपाउंड उभं राहतं. राजारामपुरी आणि शाहूपुरीत नंबराच्या गल्ल्या एकाच आखणीत पडल्या म्हणून तिथे आजही एक गल्ली बंद असली तर दुसरीतून निघता येतं. घरं पाडून पुन्हा बांधली जातात, रस्त्याची रेघ मात्र शंभर वर्षं हलत नाही. म्हणून कडेच्या गावांत आज पडणारी रेघ मोजणं महत्त्वाचं आहे.

बसवणं फारसं अवघड नाही. मिनीकोंडा किंवा मिनीफोर्ज (पायथॉनची साधनं बसवून देणारे प्रोग्राम) टाकून कोंडा-फोर्ज या भांडारातून वेगळ्या एन्व्हायर्न्मेंटमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यात, बसवावं, आधीच्या पायथॉनमध्ये मिसळू नये. कोल्हापूर शहराएवढ्या जाळ्याला ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. एक सूचना: २०२४ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आली आणि काही आज्ञांची रचना बदलली. यूट्यूबवरच्या जुन्या धड्यातला कोड चालत नसेल तर साधनाला दोष देण्याआधी आवृत्ती बघा.

पहिली ठेच नावावरून लागते. जागेचं नाव देऊन जाळं मागवता येतं, पण नुसतं ‘कोल्हापूर’ लिहिलं तर हाती शहर येईल, तालुका येईल की ७,६८५ चौरस किलोमीटरचा जिल्हा, याची खात्री नाही. आलेल्या हद्दीचं क्षेत्रफळ आधी काढा. ते ६७ च्या आसपास नसेल तर ते शहर नव्हे. शिवाय शहराची हद्द मिळाली तरी पाचगाव आणि उजळाईवाडी तिच्या बाहेरच राहतात, आणि आपला प्रश्न तर तिथलाच आहे.

त्यामुळे नावाचा नाद सोडून बिंदू आणि अंतर द्यावं. अंतर ५०० दिलं की बिंदूभोवती एक किलोमीटर बाजूचा चौरस मिळतो, म्हणजे बरोबर एक चौरस किलोमीटर. मग चौकांची घनता वेगळी काढावी लागत नाही, मोजलेला आकडा हीच घनता. राजारामपुरी, शिवाजी पेठ, फुलेवाडी, कळंबा, उजळाईवाडी असे पाच-सहा सारखे चौरस घेतले की तुलना सरळ होते. बिंदू देताना आधी अक्षांश, मग रेखांश: १६.७०, ७४.२४. क्यूजीआयएस या नकाशांवर काम करायच्या मुक्त प्रणालीत हाच क्रम उलटा असतो, त्यामुळे तिथून उचललेला बिंदू तसाच चिकटवला तर साधन नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात रस्ते शोधायला जातं आणि रिकाम्या हाताने परत येतं.

जाळं आलं की ते मीटरमध्ये आणावं लागतं. कोल्हापूर यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं, ईपीएसजी (अशा पद्धतींच्या यादीतला) क्रमांक ३२६४३. साधन हा पट्टा स्वतः ओळखतं, पण ती आज्ञा द्यायला विसरू नये. नाहीतर पुढे जवळजवळचे चौक एकत्र करताना दिलेले दहा हे दहा मीटर न राहता दहा अंश होतात आणि सगळे चौक एका ठिपक्यात गोळा होतात.

आता आकडे. ‘बेसिक स्टॅट्स’ या एका आज्ञेत डझनभर आकडे येतात. त्यातले दोनच आधी बघा: प्रत्येक जोडाला (चौक, तिकटी किंवा बंद टोक) सरासरी किती रस्ते मिळतात, आणि एकूण जोडांत बंद टोकं किती टक्के. बंद टोकाला १, तिकटीला ३, चौकाला ४. निव्वळ चौकटीच्या जाळ्यात सरासरी ४ कडे जाते. बंद बोळ वाढले की ती घसरते. दोन्हींतला आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो तो बंद टोकांचा टक्का, कारण सरासरीत चांगलं आणि वाईट एकमेकांना झाकतं.

हे हाताने करून बघण्यासारखं आहे. समजा सहा एकरांचा एक गट आहे, २०० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद. पाणंदीवरून मधोमध एक रस्ता आत शिरतो आणि २०० मीटरवर मागच्या बांधाला थांबतो. शिरल्यापासून ६० मीटरवर डावीकडे एक फाटा, त्यापुढे उजवीकडे एक फाटा, दोन्ही ६०-६० मीटर, दोन्ही शेजाऱ्याच्या बांधाला संपलेले. जोड किती? पाणंदीवरची तिकटी, आतल्या दोन तिकट्या आणि तीन बंद टोकं. तीन त्रिक नऊ, अधिक तीन, एकूण बारा. भागिले सहा, सरासरी २. बंद टोकं ५० टक्के. कडेच्या कुठल्याही भागात डोळ्यासमोर येईल असाच हा लेआऊट आहे.

आता मागचा रस्ता पलीकडच्या पाणंदीला जोडा, आणि डावा फाटा शेजारच्या लेआऊटच्या तशाच फाट्याला. मागचं टोक तिकटी झालं. डाव्या फाट्याचं टोक जोड म्हणून उरलंच नाही, रस्ता सलग झाला. राहिले पाच जोड: चार तिकट्या, एक बंद टोक. तेरा भागिले पाच, सरासरी २.६, बंद टोकं २० टक्के. एकही प्लॉट कमी झाला नाही. एक इमारत पाडावी लागली नाही. फक्त दोन ठिकाणी कंपाउंड उघडं ठेवलं.

चालणाऱ्याला याचा फरक किती पडतो तेही मोजा. डाव्या फाट्याच्या टोकाचं घर आणि भिंतीपलीकडचं घर यांत एका विटेचं अंतर. भिंत असेल तर ६० मीटर मागे, ६० मीटर बाहेर, पाणंदीवरून १२० मीटर, मग पुन्हा ६० आत आणि ६० उजवीकडे वळून: ३६० मीटर. गॅसची गाडी, कचऱ्याची घंटागाडी, शाळेची रिक्षा, सगळ्यांना हाच फेरा रोज.

इथेच साधनाचा एक आकडा फसवतो. ‘सर्क्युइटी’ या नावाने जो आकडा येतो तो वळसा दाखवतो असं समजून अनेक प्रकल्प अहवालांत टाकला जातो. तो प्रत्यक्षात एकेका रस्त्याच्या तुकड्याचा वाकडेपणा आहे, जोडापासून जोडापर्यंत. वरच्या लेआऊटमधले सगळे रस्ते सरळ आहेत, म्हणून सर्क्युइटी १ येईल, म्हणजे कागदावर निर्दोष, आणि माणूस ३६० मीटर फिरतोय. खरा वळसा काढायचा तर घरांच्या जोड्या घेऊन सर्वांत जवळची वाट आणि सरळ अंतर यांचं गुणोत्तर काढावं. चारशे मीटरच्या आतल्या जोड्या घ्या. लांबच्या जोड्यांत स्थानिक भिंती दिसेनाशा होतात.

दुसरी फसगत जोड एकत्र करताना होते. राजारामपुरीचा मुख्य रस्ता किंवा स्टेशन रोड यांसारखा दुभाजकाचा रस्ता नकाशावर दोन रेघांनी काढलेला असेल तर एका चौकाचे दोन किंवा चार ठिपके मोजले जातात. ते गोळा करायला ‘कन्सॉलिडेट इंटरसेक्शन्स’ आहे. त्यात दोन खाचा आहेत. दिलेला आकडा ही त्रिज्या असते, म्हणून १० दिलं तर २० मीटरच्या आतले जोड एक होतात. १० मीटरच्या आतले हवे असतील तर ५ द्या. महामार्गाच्या सेवा रस्त्याजवळ १० ते १५ चालतं, पण शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत तेवढं दिलं तर शेजारशेजारच्या खऱ्या तिकट्या गिळल्या जातात. तिथे ३ ते ५ च्या वर जाऊ नये. एकाच आकड्याने सगळं शहर हाकायचा मोह आवरा.

दुसरी खाच जास्त घातक. ही आज्ञा मूळ स्थितीत बंद टोकं काढून टाकते. ती ठेवायची असतील तर ‘डेड एंड्स’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तो विसरला तर पाचगावातही एकही बंद बोळ नाही असं उत्तर येतं आणि सुंदर नकाशासकट येतं.

रस्त्यांचा प्रकार निवडताना कोल्हापूरपुरतं एक लक्षात ठेवा. वाहनांचं जाळं मागवलं की पाणंदी गळतात, कारण ओपनस्ट्रीटमॅपवर त्या बहुधा ‘ट्रॅक’ म्हणून काढलेल्या असतात. पायवाटा गळतात, पायऱ्या गळतात, पेठेतले बोळ ‘सर्व्हिस’ किंवा ‘फूटवे’ म्हणून काढले असतील तर तेही गळतात. म्हणजे पेठ आहे त्यापेक्षा तुटलेली दिसते आणि कडेचं गाव तर जास्तच. वाहनांचं आणि चालण्याचं अशी दोन्ही जाळी काढून शेजारी ठेवावीत. दोन्हींत मोठी तफावत असेल तर तिथे गाडी जात नाही पण माणूस जातो, आणि ती जागा प्रत्यक्ष जाऊन बघण्यासारखी असते.

फाटकांचं मात्र साधनाला कळत नाही. रस्ता सलग काढून त्यावर गेट किंवा खांबांची खूण ठेवलेली असेल तर ओएसएमएनएक्स ती खूण वाचत नाही, रस्ता उघडा धरून चालतं. ‘खासगी’ म्हणून नोंदलेला रस्ता वगळला जातो, पण तशी नोंद करायची तसदी फार थोडे घेतात. त्यामुळे बंद सोसायट्यांच्या भागात आकडा खऱ्यापेक्षा गोड येतो.

नकाशाच्याच चुका उलट बाजूने येतात. एक रेघ दुसरीला टेकल्यासारखी दिसते, पण दोघींचा ठिपका सामाईक नाही. साधनाला ते बंद टोक वाटतं. अशी खोटी टोकं जेओएसएम या ओपनस्ट्रीटमॅप दुरुस्त करायच्या प्रोग्रामच्या तपासणीत पटापट सापडतात, ‘रस्त्याचं टोक दुसऱ्या रस्त्याजवळ’ अशा अर्थाचा इशारा येतो. दुरुस्ती तिथेच करून चढवावी, सगळ्यांच्या कामाला येते. उपग्रहचित्रावर भिंत दिसत नाही, म्हणून जागेवर न जाता दोन टोकं जोडून टाकू नका. गुंठेवारीच्या भागात तर मुळीच नको. तिथे जाताना कागद, पेन आणि फोनवर स्ट्रीटकम्प्लीट किंवा व्हेस्पुची हे नकाशा दुरुस्तीचं अ‍ॅप असलं की एका संध्याकाळी एक चौरस किलोमीटरच्या कडेची टोकं तपासून होतात.

दुरुस्ती करून पुन्हा चालवलं आणि आकडा तोच आला तर घाबरू नका. साधन उतरवलेली माहिती ‘कॅशे’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच वाचतं. ते फोल्डर पुसलं की ताजी माहिती येते.

आता कल कसा काढायचा, म्हणजे शहर अधिक जोडलेलं होतंय की अधिक तुटक. ओपनस्ट्रीटमॅपची जुनी तारीख देऊन तेव्हाचं जाळं मागवता येतं, आणि २०१४ व २०२४ ची तुलना करायचा मोह होतो. करू नका. त्यातून शहर किती वाढलं हे कळत नाही, नकाशा काढणारे किती वाढले हे कळतं. २०१४ च्या नकाशात शिवाजी पेठेतला एखादा बोळ नसला तर तो बोळ त्यानंतर झाला असं थोडंच आहे?

बरोबर रीत अशी: जाळं आजचंच घ्यायचं, आणि प्रत्येक जोडाला तो भाग कधी बांधला गेला याची तारीख लावायची. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राचा जीएचएसएल हा संच फुकट आहे, १९७५ पासूनची बांधीव जमीन १०० मीटरच्या चौकोनांत देतो. तो क्यूजीआयएसमध्ये जाळ्याखाली ठेवून प्रत्येक जोडाखालचं पहिलं बांधीव साल उचलायचं. मग १९७५ आधीचे जोड, १९९० पर्यंतचे, २००० पर्यंतचे, त्यानंतरचे असे गट पाडून प्रत्येकातल्या बंद टोकांचा टक्का काढायचा. १०० मीटरचा चौकोन एका लेआऊटला जाड पडतो, म्हणून शंका आली की गुगल अर्थ प्रोमधला जुन्या चित्रांचा पट्टा सरकवून साल पक्कं करावं.

जगभराच्या पातळीवर हीच रीत बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांनी वापरली. अमेरिकेवरच्या त्यांच्या २०१५ च्या अभ्यासात तिथला रस्त्यांचा तुटकपणा १९९० च्या दशकाच्या मध्याला शिगेला पोचून मग उतरू लागल्याचं दिसलं. २०२० च्या जागतिक अभ्यासात एकूण जगाचा कल मात्र १९७५ पासून तुटकपणाकडेच आहे. त्यांचा रंगीत नकाशा स्प्रॉलमॅप या संकेतस्थळावर बघता येतो. देशादेशांची तुलना करायला तो छान आहे, पण त्यातले कालखंड २०१४ ला संपतात. म्हणजे प्राधिकरण झाल्यानंतरच्या वसाहती त्यात नाहीत, आणि गावपातळीवरचा निर्णय त्यावर घेता येत नाही.

पुराच्या दृष्टीने या साधनाचा उपयोग आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्याही वर. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्गही शिरोलीजवळ बंद पडला. रमणमळा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथल्या माणसांना रस्ता किती रुंद आहे यापेक्षा दुसरा रस्ता आहे का, हा प्रश्न पडतो. जाळ्यातला एकेरीपणा बाजूला ठेवून नेटवर्कएक्स या पायथॉनमधल्याच जाळ्यांच्या साधनातली ‘ब्रिजेस’ ही आज्ञा चालवली की असे तुकडे मिळतात, जे तुटले की पलीकडची वस्ती सुटी पडते. यादी लांबलचक येते, कारण प्रत्येक बंद बोळ तिच्यात असतो. प्रत्येक तुकड्यामागे किती जोड आहेत ते मोजून वीसपेक्षा कमी असलेले गाळा. उरतात ते खरे धोक्याचे. ही मोजणी एक किलोमीटरच्या चौरसात करू नये, कडेला कापलेले रस्ते खोटे एकमेव दुवे बनतात. गरजेच्या भागाभोवती किमान दोन किलोमीटर जास्तीचं जाळं घ्या.

मग जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा नकाशावर बसवून त्यांच्या आतले तुकडे काढून टाका आणि कुठली वस्ती दवाखान्यापासून तुटते ते बघा. उपग्रहावरून मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंचीच्या माहितीवर हे करू नये. तिची चूक काही मीटरची असते, आणि आपल्याकडे एकेका फुटावर गल्ल्या पाण्याखाली जातात.

पर्याय म्हणून निव्वळ क्यूजीआयएसवर काम होतं, रेघांचे छेद काढायची सोय त्यात आहे. पण उड्डाणपूल आणि त्याखालून जाणारा रस्ता यांच्या छेदावर ते खोटे चौक दाखवतं, एकाच रस्त्याचे तुकडे जिथे जुळतात तिथला खोटा ठिपकाही हाताने साफ करावा लागतो. ओएसएमएनएक्समध्ये हे आपोआप होतं. कोडची सवय नसेल तर एका विद्यार्थ्याला सोबत घ्या. पन्नास ओळींत सगळं बसतं. गुगल मॅप्सवरून रस्ते उतरवून घ्यायला त्यांच्या अटींत परवानगी नाही. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरताना अहवालात त्यांचा श्रेयनिर्देश मात्र हवाच.

शेवटचं काम निकाल पोचवण्याचं. सरासऱ्यांचा तक्ता नगररचना कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत कुणाच्या उपयोगाचा नाही. समोरासमोर तीस मीटरच्या आत येऊन थांबलेल्या बंद टोकांच्या जोड्या वेगळ्या काढा. क्यूजीआयएसमध्ये बंद टोकांचा थर त्याच थराशी जवळच्या अंतराने जोडला की त्या मिळतात. प्रत्येक जोडीसमोर दोन्ही गट नंबर, दोन्ही रस्त्यांची जागेवर मोजलेली रुंदी, मध्ये काय आहे (भिंत, ओढा, रिकामा प्लॉट, उसाचं शेत) आणि आत्ताचा वळसा मीटरमध्ये लिहा. मध्ये ऊस असेल ती जोडी यादीत सर्वांत वर घ्या, कारण तो गट अजून बिगरशेती व्हायचा आहे आणि त्याच्या लेआऊटमध्ये रस्ता सरळ रेषेत मागता येतो. फाइल केएमएल या नकाशाच्या फाइल-प्रकारात द्या. ती गुगल अर्थमध्ये थेट उघडते आणि तलाठ्यालाही फोनवर बघता येते.